गोळीचे वाटे

डोंगरसिंगचं नाव काढलं का माहं डोस्कं फिरते. फिरते म्हणजे फिरतेच. पण या माणसाची गोठ दुसऱ्या कोणी सांगतली तं तो तिच्यात मीठ-मसाला टाकन, म्हणून मलेच सांगू द्या.

मी नानाजी. कुणबी माणूस, आर्णीकडच्या एका गावचा कास्तकार. वावरात कापसाची पऱ्हाटी, सोयाबीन अन् मधात तुरीचे तास. लीलाबाई, माही बायको, गेल्यापासून घरी एकटाच असतो. माह्या धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापल्याड, बंजाऱ्यायचा तांडा हाय अन् तांड्यात शिरलं का पहिलंच घर डोंगरसिंगचं. याचे आजे-पणजे म्हणे बैलायवर मीठ लादून मुलुखभर हिंडले. हा बाजेवरून उठून मोरीपर्यंत गेला तरी दोनदा "हे राम" म्हणते. पोट असं का हा दारात यायच्या आधी पोट घरात येते. अन् लाज म्हणाल तं काडीची नाही. "भिया," तो मले म्हणते (त्यायच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ), "भिया, वाळला माणूस दिसला का समजून जावं, याले घरी कोणी प्रेमानं वाढत नाही." हे माह्याकडे पाहून म्हणते. मी काडीपैलवान हाओ.

पण तांड्यात त्याची इज्जत पोटामुळं नाही, वाट्यामुळं हाय. सणासुदीले बोकड पडला का वाटे डोंगरसिंगच घालते. पळसाची पानं मांडाची, जेवढी घरं तेवढे वाटे. हरेक पानावर मांस सारखं, हाडूक सारखं, अन् काळजाचा तुकडा, नखाएवढा का होईना, पण सगळ्यायले. मग एक जण पाठ करून बसते. डोंगरसिंग एका वाट्यावर बोट ठेवते अन् वरडते, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेते. ज्याचं नाव, त्याचा वाटा. बोट ठेवणाऱ्याले माहीत नाही कोणाले जाईन, नाव घेणाऱ्याले माहीत नाही कोणता भेटन. आमच्या गावात हातभर धुऱ्यासाठी सख्ख्या भावायनं एकमेकायची डोस्की फोडली, अन् इकडं एवढ्या घरायचं मटण वाटून होते तरी एक बाई तोंड वाकडं करत नाही. एवढ्या एका कामात मी त्याले मानतो. बाकी कशातच नाही.

तं झालं असं. दोघायलेही साखरेची बिमारी, अन् दोघायच्याही छातीत एकाच वर्षी जाळी, डॉक्टर स्टेंट म्हणतेत ती, बसली. माही आधी बसली. तवा हा मले पाहाले आला अन् अख्ख्या वॉर्डासमोर म्हणला, "वाळल्या माणसाले कायची जाळी बे? कोळ्यानं विणली का?" देवानं ऐकलं. दिवाळीच्या आधी त्याच पलंगावर हा आडवा, अन् मी शेजारी केळं सोलून खात बसलो.

जाळी बसून बरेच दिवस झाल्यावर यवतमाळच्या एका हॉस्पिटलातून दोघायलेही बोलावणं आलं. डॉक्टर दीपा म्हणून एक तरुण डॉक्टरीण होती, हुशार, बोलायले गोड, पण डोळे मास्तरणीचे. तिनं दोघायले खुर्च्या दिल्या. डोंगरसिंगची खुर्ची कुरकुरली.

"काका, चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तेल नाही," ती म्हणली. "चरबी रक्तातून सारखे निरोप पाठवत असते. त्यांना हार्मोन म्हणतात. त्यातला एक निरोप फार चांगला, अॅडिपोनेक्टिन त्याचं नाव. तो रक्तवाहिन्या शांत ठेवतो, साखर जागेवर लावतो. चरबी वाढली की हा चांगला निरोप कमी होतो आणि भांडखोर निरोप वाढतात. त्याचा त्रास हृदयाला होतो."

डोंगरसिंगनं पोटावर हात ठेवला, जसा पोराच्या डोक्यावर ठेवते. "म्हणजे हे बोलते?"

"बोलतं. पण सध्या वाईट बोलतंय."

"अन् हा?" त्यानं मले बोट दाखवलं. "याच्याजवळ तं बोलायले कोणीच नाही."

डॉक्टरणीनं माहे कागद पाह्यले. "नानाजीकाकांची चरबी आत आहे. हृदयाभोवती. बाहेरून दिसत नाही एवढंच."

हे ऐकून त्या माणसाले जो आनंद झाला, काय सांगू! खुर्चीतल्या खुर्चीत नाचला. "पाहा! पाहा चोराले! माही उघडी हाय, चारचौघात हाय. यानं लपवून ठेवली!" बसस्टँडवर आलुबोंडा घेतला तं आलुबोंडेवाल्यालेही सांगतलं.

पुढची गोठ डॉक्टरणीनं नीट समजावून सांगतली. साखरेचीच एक जुनी गोळी हाय. ती चरबीचं वळण बदलते, चांगला निरोप वाढवते, असं दिसलं हाय. हृदयाच्या पेशंटमधी तो निरोप किती वाढते अन् त्याचा फायदा किती होते, ते त्यायले पाहाचं होतं. रोजची औषधं चालूच ठेवाची, ही गोळी वरून, अन् मधामधात तपासाले रक्त द्याचं. पायावर सूज आली, दम लागला, तं तेव्हाच्या तेव्हा दवाखान्यात याचं, हे तिनं दोनदा सांगतलं. अन् मग म्हणली, "अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल. अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. नागपूरला एका माणसाकडे तेवढी माहिती आहे."

डोंगरसिंगनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे पाठ करून नाव घेणं! वा बाई! हे तं आमच्या तांड्याचंच हाय." खूश होऊन त्यानं सही केली. मीही केली. दोघायले एकेक डबी भेटली, तिच्यावर नंबर, आत पांढऱ्या गोळ्या.

घरी येतानी एसटीत हा खिडकीजवळ बसला अन् गप झाला. डोंगरसिंग गप झाला म्हणजे एक तं झोपला नाही तं काहीतरी भलतं शिजून राह्यलं. अर्धा रस्ता गेला अन् हा एकदम वरडला, "दगा!" कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबली. कोणाचं पाकीट मारलं म्हणून सगळे उठले.

"अबे काय झालं?" मी म्हणलं.

"भिया, पाठ करून नाव घेतलं हे बरोबर. पण वाटे सारखे नाही घातले ना! एका पानावर काळीज ठेवलं अन् एका पानावर नुसतं हाडूक, अन् मंग पाठ करून बसली. याले वाटणी म्हणतेत? हा तं जुगार झाला!"

कंडक्टरनं आम्हा दोघायले काय म्हणलं ते इथं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी याचा फोन आला. "डबी घेऊन ये." गेलो. तांड्यातल्या देवीलालच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर हा बसेल होता, समोर रुपीवहिनीचा, म्हणजे याच्या बायकोचा, सुपारीचा अडकित्ता. यानं माह्या डबीतली एक गोळी काढली, आपल्या डबीतली एक काढली, कट कट दोन घाव घातले, अन् चार तुकड्यायचे दोन वाटे केले. हरेक वाट्यात एक तुकडा माह्या गोळीचा, एक त्याच्या गोळीचा.

"आता कोणाचीही खरी असू दे," तो म्हणला. "अर्धं काळीज तुले, अर्धं मले."

मी तापलो. "अबे भैताडा, त्या पोरीनं कष्टानं मांडलेला अभ्यास हाय तो! तिचा सगळा हिशेब बिघडन."

"बिघडू दे."

"बिघडू दे? उद्या या गोळीनं कोणाचा जीव वाचाचा असन, अन् तू अडकित्ता घेऊन बसला!"

तो माह्याकडे पाहाले लागला. म्हणला, "नानाजी, समज माह्या डबीत खरी हाय अन् तुह्यात खोटी. मी रोज सकाळी तुह्या तोंडाकडे पाहून ती गिळू कशी?"

मी चडफडलो, पण तुकडे उचलले अन् तोंडात टाकले. तेवढ्यावर हा थांबला नाही. बंजाऱ्यायचे संत सेवालाल महाराज, त्यायच्या पांढऱ्या झेंड्याखाली मले नेलं, हात हातात घेतला अन् जबान घेतली का ही गोठ डॉक्टरणीपर्यंत जाणार नाही. मी जबान दिली. लहान पोट्ट्यावाणी वागलो आम्ही, दोघायच्याही मिशा पांढऱ्या.

तवापासून माही रोज सकाळी तांड्यावर हजेरी सुरू झाली. गोळी बारकी, अडकित्ता सुपारीचा. कधी तुकडा सरळ पडे, कधी उडून देवीलालच्या तांदळाच्या पोत्यात जाय, अन् मग दोन म्हातारे अन् एक दुकानदार तांदूळ चाळत बसत. एक दिवस भुगा खाली पडला तो कोंबडीनं टिपला. डोंगरसिंग दिवसभर त्या कोंबडीच्या मांगं, तिच्यात काही फरक पडते का पाहाले. "शांत झाली," तो संध्याकाळी म्हणला. कोंबडी खुडूक बसली होती.

मग देवीलालनं कायदा काढला. म्हणे, दवा तांड्यात आली, माह्या ओट्यावर वाटली, तं तांड्यातल्या बाकी घरायचा वाटा कुठं हाय? माह्या मनात आलं, आता डोंगरसिंग हसन. हसते कायचा! डोंगरसिंग विचारात पडला. खरंच विचारात पडला. एका गोळीचे तेवढे तुकडे कसे कराचे याचा हिशेब त्याच्या डोळ्यात दिसाले लागला. मी ओट्यावरून उठलो अन् असा वरडलो का रुपीवहिनी घरातून लाटणं घेऊन धावत आली. "ज्याले साखर अन् जाळी दोन्ही हाय त्यालेच वाटा!" मी म्हणलं. देवीलालले दोन्ही नव्हतं. तो दुपारपर्यंत नाराज होता.

अन् मजा पाहा. आम्ही यवतमाळले गेलो का डॉक्टरीण डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजे. रोज एक कमी, बरोबर! ती बाकीच्या पेशंटले आमच्याकडे बोट दाखवून म्हणे, "या काकांकडून शिका." डोंगरसिंग मान खाली घालून लाजे. मले धरणी फाटन तं बरं असं होय.

पऱ्हाटीची वेचणी सुरू झाली तवा मी पाह्यलं, हा चपलेचा पट्टा सोडून चालून राह्यला. "चप्पल आखडली," म्हणे. काही दिवसानं चप्पलच सोडली. मी पायाकडे पाह्यलं, घोटा दिसेचना. रुपीवहिनीनं अंगठ्यानं दाबलं तं खड्डा पडला, अन् पडला तो भरेचना. डॉक्टरणीनं दोनदा सांगतलं होतं ते हेच.

"चाल यवतमाळले," मी म्हणलं.

"कायले? पाय भरून आले. तब्येत सुधरून राह्यली."

"तुह्या तब्येतीची... अबे सूज हाय ती!"

"गेलं तं डॉक्टरीण खोदून विचारन. तू तोंडाचा कच्चा, ओकून देशीन. दोन दिवसानं उतरन."

दोन दिवसानं ती गुडघ्यापर्यंत चढली. मी थोडा का भांडलो? वहिनी भांडली, देवीलाल भांडला. हा मीठ सोडतो म्हणे अन् ताटातलं लोणचं चाटे. मग एक दिवस सकाळी मी तांड्यावर गेलो तं ओट्यावर कोणी नाही. घरात गेलो. डोंगरसिंग बाजेवर बसेल होता, उशा पोटाशी धरून, अन् श्वास असा ओढून राह्यला जसा चढावर ट्रॅक्टर. आडवं झालं का जीव गुदमरे म्हणून पहाटेपासून बसूनच होता. मले पाहून हसाले गेला, हसणं छातीतच अटकलं. वहिनी म्हणली, "नानाजीभाऊ, यायले वाचवा." तिनं आजपर्यंत मले असं कधी म्हणलं नव्हतं.

देवीलालची पिकअप काढली. मांगं गादी टाकून त्याले बसवलं अन् मी त्याच्या पाठीले पाठ लावून बसलो, तो कलंडू नये म्हणून. पुरा रस्ता त्याचा श्वास माह्या पाठीतून ऐकू येत होता. मी देवाले शिव्या देत होतो.

हॉस्पिटलात नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टर दीपानं छाती तपासली, पाय दाबले, कागद पाह्यले अन् तिथंच उभ्यानं नागपूरले फोन लावला. असा वखत आला का कोणाले कोणती गोळी होती ते विचारता येते. फोन ठेवला तवा तिचं तोंड उतरलं होतं.

"डोंगरसिंगकाकांना खोटी गोळी होती," ती वहिनीले अन् मले म्हणली. "त्यात औषधच नव्हतं. म्हणजे ही सूज औषधानं आलेली नाही. एक तर जाळी बंद होतेय, नाही तर हृदयच थकलंय. इथं वेळ घालवून चालणार नाही. आत्ताच्या आत्ता नागपूरला हलवावं लागेल. रस्त्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही."

वहिनी भिंतीले टेकली. मी डोंगरसिंगकडे पाह्यलं. मास्कच्या वरून त्याचे डोळे माह्यावर रोखेल होते, अन् हा माणूस, श्वास पुरत नव्हता तरी, एक बोट वर करून मले नाही-नाही करून राह्यला होता. जबान! मरणाच्या दारात याले जबान आठवली!

"खड्ड्यात गेली तुही जबान!" मी वॉर्डात वरडलो. "मॅडम, यानं माही गोळी खाल्ली. रोज अर्धी. पहिल्या दिवसापासून. अन् याची अर्धी मी खाल्ली."

"काय?"

"अडकित्त्यानं कापून."

"अडकित्त्यानं?"

"सुपारीच्या. रुपीवहिनीच्या."

तिनं पुन्हा नागपूरले फोन लावला. यावेळी माहा नंबर विचारला. माही खरी निघाली. मग तिनं सिस्टरले हाका मारल्या, लघवी करून पाणी काढाचं इंजेक्शन देलं, छातीची इको केली, ईसीजीची पट्टी काढली. जाळी बंद पडल्याची खूण कुठं दिसली नाही. नागपूरची गाडी थांबवली. दुपारपर्यंत डोंगरसिंगनं एवढी लघवी केली का वॉर्डबॉय कंटाळला, अन् संध्याकाळी तो मांगं टेकून बोलाले लागला. पहिलं काय बोलला? "नानाजी, तू तोंडाचा कच्चा."

मग डॉक्टरणीनं आमची जी खरडपट्टी काढली! बरोबर काढली. म्हणे, तुम्ही दोघं अभ्यासातून बाद. म्हणे, या गोळीनं अंगात पाणी धरू शकतं हे मी सांगितलं होतं, तरी सूज लपवली. म्हणे, अजून थोडा वेळ हे बोलले नसते तर मी भलताच इलाज करत राहिले असते. डोंगरसिंगनं तिले वाट्याची गोठ सांगतली, पळसाचं पान, काळीज, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं अन् म्हणली, "काका, मटणात काळीज सगळ्यांना चालतं. औषध सगळ्यांना चालेलच असं नाही. कोणाला चालतं आणि कोणाला नाही, तेच तर बघत होते मी." त्यानं मान खाली घातली. यावेळी लाजला नव्हता, खरंच ओशाळला होता.

"आणि नानाजीकाका, तुमचीही इको करायची," ती म्हणली. "खरी डबी तुमची होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मले बाहेर बाकावर बसवलं. हातात माहा कागद होता.

"तुमच्या हृदयाची ताकद कमी झालीय," ती म्हणली. "आधी एवढी कमी नव्हती. आता तुमचं हृदय डोंगरसिंगकाकांपेक्षाही अशक्त आहे. थोडं पाणी तुमच्याही अंगात धरलंय. आता गोळी बंद, औषध देते, सुधारेल." तिनं कागदाची घडी घातली. "तुम्ही पूर्ण गोळी घेत असतात, तर इथं आधी तुम्ही आला असता. याच अवस्थेत, किंवा याहून वाईट. खात्रीनं कोणी सांगू शकत नाही, पण मला तसं वाटतं. घरी कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही," मी म्हणलं.

तिनं कागद माह्या हातात देला अन् ती राउंडले गेली. मी बाकावर बसून राह्यलो. माह्या घरात, दार लावून, मी बाजेवर श्वास ओढत बसलो असतो, तं ते पाहाले कोण येणार होतं? लोकं दोन दिवसानं दार तोडतेत अशा घरायचं. त्या भैताडानं माह्या वाट्याचं मरण रोज सकाळी अडकित्त्यानं कातरलं, अर्धं तोंडात टाकलं अन् वरून पाणी पेला. त्याले वाटे तो दवा खाऊन राह्यला. मले त्याचा एवढा राग आला, एवढा राग आला, अन् रागाच्या जागी रडणंच आलं.

तसाच आत गेलो. डोंगरसिंग उशीले टेकून चहा फुंकून राह्यला होता.

"काय म्हणे डॉक्टरीण?" त्यानं विचारलं.

"म्हणे..." मी बाहीनं डोळे पुसले. "म्हणे, तू अर्धी खाल्ली नसती तं मी मेलो असतो."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. माह्याकडे वरून खालपर्यंत पाह्यलं, बाजारात बैल पाहतेत तसं.

"मंग रडतो कायले बे?" तो म्हणला. "जिता हायेस ना."

"चूप बैस," मी म्हणलं, अन् त्याच्या पलंगावर बसलो.